हॉलवेलचा स्तंभ : एका स्मारकलेखाचें परीक्षण

ऐतिहासिक साधनांचें तारतम्य लावतांना शिलालेख व ताम्रपट यांस पहिल्या पंक्तीस आणि बखरी, कैफियती व करीने यांस मागल्या पंक्तीस बसविण्याचा आपला प्रघात आहे. हा प्रघात सामान्यतः योग्यच आहे. परंतु त्याच्या आश्रयानें एक खोटी समजूत बळावली आहे, ती ही कीं, दगडावर कोरलेलें असेल तें सर्व अस्सल. दानपत्र कोरलें जातें तेव्हां तो लेख म्हणजेच दानाचा मूळ कागद असतो; जमीन दिली गेली याचा पुरावा तोच. स्मारकाच्या लेखाची गोष्ट तशी नाहीं. तो घटना घडून गेल्यावर, बहुधा तींत ज्याचा संबंध गुंतलेला आहे अशा मनुष्यानें, पुढील पिढ्यांनीं काय मानावें हें मनाशीं ठरवून रचलेला असतो. म्हणजे वस्तुतः ती बखरच. फक्त कागदाऐवजीं पाषाणावर उतरलेली. तेव्हां अशा लेखास कसोटीही बखरीचीच लाविली पाहिजे, हें आमचें म्हणणें आहे. तें स्पष्ट करण्यास कलकत्त्याच्या लालदिघीच्या चौकांत एके काळीं उभा असलेल्या हॉलवेलच्या स्तंभासारखें दुसरें उदाहरण मिळणें कठीण. एकाच स्मारकाच्या तेथें दोन आवृत्त्या झाल्या, दोहोंचे पाठ निराळे आहेत, आणि ज्या मनुष्यानें मूळ लेख रचला त्याच्याच हातचीं, त्या लेखास बाध आणणारीं पत्रें आज छापून उपलब्ध आहेत.

प्रथम स्थलनिश्चिति करूं. हुगळीच्या पूर्व तीरावर इंग्रजांचा जुना फोर्ट विल्यम किल्ला होता व त्याच्या पूर्वेस मोठें तळें आणि त्याभोंवतीं बाग होती. तेंच लालदिघीचें तळें. या चौकास पुढें डलहौसीचें नांव मिळालें; स्वातंत्र्यानंतर विनय, बादल व दिनेश या तीन क्रांतिकारकांच्या नांवानें तो ओळखला जातो. उत्तरेस राइटर्स बिल्डिंगची लांबलचक इमारत आहे. पश्चिमेस, जुन्या किल्ल्याच्या जागेवर, १८६८ सालीं पुरी झालेली घुमटाची टपालकचेरी आहे. हॉलवेलचा स्तंभ चौकाच्या वायव्य कोपऱ्यांत राइटर्स बिल्डिंगपाशीं होता. लेखांत ज्या खंदकाचा उल्लेख येतो तो किल्ल्याच्या पूर्व दरवाजासमोरील बुरुजाचा खंदक होय. १७४२ सालीं नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीनें कलकत्तेकरांनीं शहराभोंवतीं खणावयास घेतलेला आणि अपुराच राहिलेला 'मराठा खंदक' तो नव्हे. मराठी वाचकांची या दोन खंदकांत गल्लत होण्याचा संभव आहे, म्हणून हा खुलासा केला.

घटना थोडक्यांत अशी. अलीवर्दीखानाचा नातू व बंगालचा नबाब सिराज-उद्-दौला यानें १७५६ च्या जूनांत कलकत्त्यावर स्वारी केली. किल्ला पडण्याच्या आदल्या दिवशीं गव्हर्नर ड्रेक गलबतावर चढून निघून गेला व मागें राहिलेल्यांचें आधिपत्य जॉन झेफनाया हॉलवेल याजकडे आलें. ता. २० जून १७५६ (शके १६७८) रोजीं किल्ला पडला. त्या रात्रीं कैद्यांस किल्ल्यांतीलच एका लहानशा कोठडींत कोंडण्यांत आलें आणि उकाडा, तहान व गर्दी यांमुळें सकाळपर्यंत त्यांतील पुष्कळ मेले. इंग्रजी इतिहासांतील 'ब्लॅक होल' ती हीच. मराठी पाठ्यपुस्तकांतून 'कलकत्त्याची अंधारकोठडी' या नांवानें ती कित्येक पिढ्यांस परिचित होती.

क्लाइव्ह विलायतेस गेल्यावर १७६० सालीं हॉलवेल कांहीं महिने बंगालचा गव्हर्नर झाला. त्या काळांतील हा स्तंभ. तो विटांचा असून वर चुन्याचा गिलावा होता. त्यावरील लेखाचा मतलब असा : पुढें नांवें दिलेले गृहस्थ व इतर मिळून १२३ माणसें बंगालचा सुभेदार सिराज-उद्-दौला याच्या जुलमानें अंधारकोठडींत गुदमरून मेलीं, दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांचीं प्रेतें याच जागीं खंदकांत एकत्र टाकण्यांत आलीं, हें स्मारक त्यांच्याबरोबर यातना भोगून वांचलेल्या हॉलवेलनें उभारलें. दुसऱ्या बाजूस असें कोरलें होतें कीं, या कृत्याचा सूड वॉटसन व क्लाइव्ह यांच्या आधिपत्याखालील इंग्लंडच्या राजाच्या शस्त्रांनीं १७५७ सालीं पुरेपूर व यथायोग्य उगविला.

या लेखांत तीन निरनिराळीं विधानें एकत्र गुंफलीं आहेत, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. इतकीं माणसें मेलीं, हें एक. तीं अमक्याच्या जुलमानें मेलीं, हें दुसरें. व त्याचें योग्य पारिपत्य झालें, हें तिसरें. पहिलें शोकाचें, दुसरें फिर्यादीचें आणि तिसरें निवाड्याचें. शोक करणारा, फिर्याद देणारा व निवाडा सांगणारा असे तिघे एकाच मनुष्याच्या ठिकाणीं एकवटले म्हणजे लेखाची भाषा जोरदार होते खरी, पण त्याचें साक्षीमूल्य त्याच मानानें उतरतें. आपल्याकडील एखाद्या वतनाच्या तंट्यांत वादीनेंच लिहिलेला महजर पुढें आला, तर आपण त्यावर किती विसंबूं, याचा विचार वाचकांनीं करावा.

आतां दुसऱ्या विधानाची, म्हणजे नबाबाच्या अपराधाची, हॉलवेलच्याच शब्दांवरून तपासणी करूं. विलायतेच्या वाटेवर सायरेन गलबतावरून ता. २८ फेब्रुवारी १७५७ रोजीं त्यानें एका मित्रास विस्तृत पत्र लिहिलें व तें १७५८ सालीं लंडनांत छापून प्रसिद्ध झालें. अंधारकोठडीचें जें हृदयद्रावक वर्णन जगभर गाजलें, त्याचा उगम हें पत्र होय. या पत्रांत हॉलवेल स्वच्छ सांगतो कीं, कैद्यांस रात्रीपुरतें बंदोबस्तांत ठेवावें एवढाच नबाबाचा सामान्य हुकूम होता. पुढें जें झालें तें वेढ्यांत आपलीं माणसें गमावून बसलेल्या खालच्या जमादारांच्या सूडबुद्धीनें झालें. लिहिणारा एक, घटना एक. पण पत्रांत दोष जमादारांचा आणि दगडावर दोष नबाबाचा! पत्र प्लासीपूर्वींचें आहे व दगड प्लासीनंतरचा आहे. मधल्या तीन वर्षांत नबाब मारला गेला होता, बंगालची सत्ता कंपनीच्या मुठींत आली होती, आणि ती कोणत्या न्यायानें आली याचें उत्तर चौकांतून येणाऱ्याजाणाऱ्यास देण्याची गरज उत्पन्न झाली होती. लेखांतील फिर्याद या गरजेंतून निघाली, असा तर्क करण्यास आमच्या मतें सबळ आधार आहे.

संख्येची कथाही अशीच आहे. सुटका झाल्यावर मुर्शिदाबादेहून ता. १७ जुलै १७५६ रोजीं मुंबईच्या कौन्सिलास लिहिलेल्या पत्रांत हॉलवेल कोंडलेल्यांची संख्या १६५ ते १७० व वांचलेल्यांची १६ देतो. पुढें ता. ३ ऑगस्टच्या हुगळीच्या पत्रांत तो स्वतःच ही गणना चढी झाल्याचें कबूल करून कोंडलेले १४६ व मेलेले १२३ असे आंकडे देतो. आंकडा सुधारणें हा दोष नव्हे. अशा यातनेंतून निघालेल्या मनुष्याच्या स्मरणांत फरक पडावा हें स्वाभाविकच आहे. पण मग हा आंकडा हजेरीपटावरून घेतलेला नसून अंदाजाचा आहे, एवढें तरी यावरून सिद्ध होतें. किल्ला पडतांना किती गोरे आंत होते, किती गलबतांवर गेले, किती लढाईंत पडले व किती गोंधळांत निसटले, याची यादी कोणीच केली नव्हती. हॉलवेल कोठडी सुमारें अठरा फूट लांब, रुंद व उंच असल्याचें सांगतो. नंतरच्या शोधकांनीं तिचें माप अठरा फूट व चौदा फूट दहा इंच असें दिलें आहे. पहिल्या मापानें १४६ माणसांस दरडोई सव्वादोन चौरस फुटांहूनही कमी जागा येते व दुसऱ्या मापानें दोनांहूनही कमी. एवढ्या जागेंत माणसें उभीं तरी कशीं राहिलीं असतील, ही शंका ज्यांनीं घेतली त्यांस निष्कारण संशयी म्हणतां येत नाहीं.

स्तंभावरील नांवें मोजलीं असतां हीच उणीव दिसते. १२३ मृत म्हणून सांगितले, पण नांवें पन्नासांहून कमी. बाकीच्यांस 'इतर' या एका शब्दांत गुंडाळलें आहे. शिपाई व नाविक यांचीं नांवें हॉलवेलास ठाऊक नसणें शक्य आहे. तथापि ज्या संख्येच्या निम्म्याहून अधिक भागास नांवाचा आधार नाहीं, ती संख्या दगडावर कोरली म्हणून निश्चित होत नाहीं.

साक्षीदाराचा लौकिकही पाहावा लागतो. हॉलवेलनें मीर जाफराविरुद्ध त्याच्या पदच्युतीच्या वेळीं राजघराण्यांतील स्त्रियांच्या कत्तलीचा आरोप केला होता. मीर जाफराच्या मृत्यूनंतर क्लाइव्ह व त्याचें कौन्सिल यांनीं डायरेक्टरांस लिहून हा आरोप निराधार असल्याचें कळविलें. हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस दुसरी गोष्ट अधिक उद्बोधक वाटेल. हॉलवेलनें पुढें हिंदूंच्या एका प्राचीन 'शास्त्रा'चें भाषांतर म्हणून कांहीं मजकूर छापला व मूळ पोथ्या कलकत्त्याच्या लुटींत गमावल्याचें सांगितलें. व्हॉल्तेरसारख्यानें त्या ग्रंथाचा गौरव केला. पण आपल्या वाङ्मयांत त्या नांवाचा व त्या मजकुराचा ग्रंथ आजवर कोणास ओळखतां आलेला नाहीं. मूळ प्रत हरवली, नक्कल मात्र आहे, आणि ती नक्कलही एकाच हातची, असें कोणी सांगूं लागला कीं पोथ्यांचा जाणता संग्राहक सावध होतो. दगडाच्या बाबतींत तीच सावधगिरी आपण विसरतों.

येथें दुसऱ्या बाजूसही न्याय दिला पाहिजे. अंधारकोठडीची घटनाच मुळीं झाली नाहीं, असें कांहीं विद्वानांनीं प्रतिपादन केलें आहे. त्यांचा मुख्य आधार समकालीनांचें मौन हा आहे. गुलाम हुसेनखानाच्या 'सियर-उल्-मुताखरीन'मध्यें तिचा उल्लेख नाहीं. त्या ग्रंथाच्या १७८९ च्या इंग्रजी भाषांतरकारानें तर टीपेंत म्हटलें आहे कीं, ही गोष्ट बंगाल्यांत कोणास ठाऊक नाहीं. फेब्रुवारी १७५७ च्या अलीनगरच्या तहांत कंपनीच्या मालाच्या भरपाईचीं कलमें आहेत, पण या मृतांविषयीं एक अक्षर नाहीं. हें मौन विचारणीय आहे, परंतु निर्णायक नाहीं. दरबारी इतिहासकारास एका रात्रींत मेलेल्या फिरंगी कैद्यांचें महत्त्व वाटलें नसेल. तह करणाऱ्या व्यापाऱ्यांस माणसांहून माल अधिक मोलाचा वाटला असेल. उलट पक्षीं हॉलवेलखेरीज कूकसारख्या इतर वांचलेल्यांच्या हकीकती आहेत, आणि घटनेनंतर थोड्याच आठवड्यांत लिहिलेल्या फ्रेंच व डच वखारींच्या पत्रांतूनही कैदी गुदमरून मेल्याची बातमी येते. आंकडे मात्र जागोजाग निराळे. एवंच घटना खरी, संख्या फुगलेली व नबाबावरील आरोप असिद्ध, असा निष्कर्ष निघतो. १९५९ सालीं ब्रिजेन गुप्त यांनीं उपलब्ध याद्या ताडून कोंडलेले ६४ व वांचलेले २१, म्हणजे मृत ४३, असा हिशेब बसविला. त्रेचाळीस माणसांचें असें मरणही भयंकरच होय. पण ४३ व १२३ यांत जें अंतर आहे तें शोकाचें नसून राजकारणाचें आहे.

गिलाव्याचा हा स्तंभ पडझड होऊन १८२१ सालीं, मार्क्विस हेस्टिंग्जच्या अमदानींत, काढून टाकण्यांत आला. पुढें एक्याऐशीं वर्षें चौकांत स्तंभ नव्हता. आणि लक्षांत ठेवण्यासारखें हें कीं, अंधारकोठडीची कीर्ति वाढली ती याच काळांत. मेकॉलेचा क्लाइव्हवरील निबंध १८४० चा. दगड नसतांना छापील कागदानें काम केलें, व त्या कागदानें तयार केलेल्या भावनेंतून पुन्हां दगड उभा राहिला. बस्टीडच्या जुन्या कलकत्त्यावरील पुस्तकानें लॉर्ड कर्झनचें लक्ष या स्थळाकडे वेधलें आणि त्यानें स्वतःच्या खर्चानें संगमरवरी प्रतिकृति करवून ता. १९ डिसेंबर १९०२ रोजीं तिचें अनावरण केलें.

ही दुसरी आवृत्ति पाठचिकित्सेच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. कर्झनच्या लेखांत सिराज-उद्-दौलाच्या जुलमाचा उल्लेख नाहीं व सूडाचा मजकूरही नाहीं. मूळ यादींत नसलेलीं नांवें समकालीन कागदपत्रांवरून शोधून घातलीं आहेत आणि तशी नोंद लेखांतच केली आहे. हें कर्झनचें श्रेय मोकळेपणानें दिलें पाहिजे. आपल्या अनेक संपादकांनीं पोथींत घातलेली भर इतक्या सचोटीनें नमूद केलेली नाहीं. परंतु त्याच लेखांत तीन दोष राहिले. पहिला, १२३ हा आंकडा त्यानें बिनतक्रार ठेविला. नवीं नांवें घालूनही ती भरती होत नाहीं. दुसरा, स्तंभ मूळच्या आराखड्याची प्रतिकृति आहे असें त्यावर लिहिलें, पण मूळ पाठांतून काय गाळलें तें लिहिलें नाहीं. आराखडा जुना व पाठ नवा, हा भेद वाचणाऱ्यास कळावयाचा कसा? भर सांगितली आणि गाळ लपविला, तर संपादन अर्धेंच प्रामाणिक होतें. तिसरा दोष सर्वांत मोठा. प्रथम दगड बसविला व नंतर पुरावा छापला गेला. हिलनें संपादिलेले १७५६-५७ चे कागद तीन खंडांत १९०५ सालीं बाहेर पडले, म्हणजे अनावरणानंतर तीन वर्षांनीं. अक्षयकुमार मैत्रेय यांनीं तर १८९८ सालींच आपल्या बंगाली 'सिराजद्दौला' ग्रंथांत या कथेस हरकत घेतली होती; ती स्तंभ उभारणाऱ्यांनीं विचारांत घेतल्याचें त्या लेखावरून दिसत नाहीं. १९१५ त लिटलनें कलकत्ता हिस्टॉरिकल सोसायटीच्या मुखपत्रांत हॉलवेलच्या सत्यवादित्वावरच प्रश्न उभा केला व १९१६ च्या मार्चांत त्या सोसायटींत यावर वाद झाला. पुस्तकाची दुसरी आवृत्ति निघते, शुद्धिपत्र जोडतां येतें. संगमरवराला शुद्धिपत्र नसतें.

याच कर्झननें केलेलें दुसरें एक काम तुलनेसाठीं घेण्याजोगें आहे. जुन्या किल्ल्याचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या खोदकामांत लागला होता. त्या आधारें त्यानें टपालकचेरीपाशीं तटाची रेषा पितळी पट्ट्यांनीं आंखविली. पट्टी एवढेंच सांगते कीं येथून भिंत जात होती. ती मोजून ठरविलेली गोष्ट असून तींत आरोप नाहीं कीं निवाडा नाहीं. स्थळाचें स्मरण कसें राखावें याचा हा उत्तम नमुना; आणि या रेषेविरुद्ध कधीं मोर्चा निघाल्याचें ऐकिवांत नाहीं.

स्तंभाविरुद्ध मात्र चळवळ उभी राहिली. तो हलवावा यासाठीं सुभाषचंद्र बोस यांनीं ता. ३ जुलै १९४० हा सिराज-उद्-दौला दिन ठरविला. आदल्या दिवशीं, २ जुलैस, त्यांस अटक झाली. हिंदु व मुसलमान विद्यार्थी या प्रश्नीं एकत्र आले होते, आणि त्याच वर्षीं फजलुल हक्क यांच्या प्रांतिक सरकारनें स्तंभ चौकांतून काढून सेंट जॉन चर्चच्या आवारांत नेला. तेथें तो आज आहे.

या स्थलांतराविषयीं आमचें मत असें. स्तंभ फोडला नाहीं हें चांगलें झालें. खोटा कागदही दप्तरांतून जाळावयाचा नसतो, कारण खोटेपणाचा पुरावा तोच असतो. तो चौकांतून हलविला हेंही गैर नव्हे. ज्याचा अपराध सिद्ध नाहीं त्याच्याविरुद्धची फिर्याद, पुढें ती कितीही सौम्य केली तरी, राज्यकारभाराच्या दारांत कायमची उभी ठेवण्याचा हक्क कोणासही नाहीं. परंतु स्थलांतरानें एक नवा दोष उत्पन्न झाला. हें स्मारक मूळ जागेवरच उभारलें आहे, असें कर्झनच्या लेखांत कोरलें आहे. ते शब्द जसेच्या तसे घेऊन दगड चर्चच्या आवारांत आला, आणि जें विधान चौकांत असतांना त्या लेखांतील सर्वांत निरुपद्रवी होतें, तेंच आज उघड असत्य झालें आहे. पान एका पोथींतून निखळून दुसऱ्या पोथींत बांधलें गेलें म्हणजे जशी अवस्था होते, तशीच ही आहे. इकडे राइटर्स बिल्डिंगसमोर आज विनय, बादल व दिनेश यांचे पुतळे उभे आहेत, ता. ८ डिसेंबर १९३० रोजीं त्यांनीं याच इमारतींत शिरून हल्ला केला होता. चौक तोच, स्मरणीय कोण, याचा निर्णय तेवढा बदलला.

या प्रकरणांत महाराष्ट्रीय वाचकानें केवळ तटस्थ प्रेक्षक राहून चालणार नाहीं. नागपूरकरांच्या स्वाऱ्यांविषयीं बंगाल्यांत 'बर्गी' या शब्दाभोंवतीं फार कडू आठवण शिल्लक आहे व गंगारामाचें 'महाराष्ट्रपुराण' हें त्या काळचें बंगाली काव्य तिचें साधन आहे. इंग्रजाचा दगड आपल्याविरुद्ध नाहीं म्हणून तो चिकित्सेवांचून मानावा आणि बंगाल्याची पोथी आपल्याविरुद्ध आहे म्हणून ती चिकित्सेवांचून फेंकावी, ही संशोधकाची रीति नव्हे. दोहोंस तराजू एकच. ज्या प्रश्नांनीं हॉलवेलचा लेख पारखला, त्याच प्रश्नांनीं गंगारामाची पोथी पारखावी, व आपल्याकडील विजयस्तंभ, छत्र्या, वृंदावनें व चौकाचौकांतील पुतळ्यांखालच्या पाट्याही पारखाव्या.

ते प्रश्न येणेंप्रमाणें : लेख घटनेनंतर किती वर्षांनीं कोरला? कोणी कोरविला, व तेव्हां तो कोणत्या अधिकारावर होता? त्याच मनुष्याचा त्याच घटनेवरील आधींचा कागद आहे काय, आणि असल्यास दोहोंत भेद कोठें पडतो? संख्या दिली असेल तर तिला नांवांचा किंवा हजेरीपटाचा आधार आहे काय? लेख पुन्हां कोरला असेल तर काय घातलें व काय गाळलें? स्मारक आज मूळ जागीं आहे काय? आपल्या भागांतील स्मारकांचे ठसे व छायाचित्रें घेतांना संग्राहकांनीं या सहा प्रश्नांचीं उत्तरें प्रत्येक ठशाच्या मागें टिपून ठेवावीं. कोरलेल्या अक्षरांचें वाचन करणें हें काम अर्धेंच आहे. त्या अक्षरांस उलटतपासणीसाठीं उभें करणें हें उरलेलें अर्धें होय.